अर्ध्या तासाचं पुणं

मुंबईहून पुण्याला विमानाने अर्धा तास लागतो. आज हे वाक्य कोणालाही सांगा, तो हातातलं काम सोडून तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. आमच्या घरात याच वाक्यावरून दिवाळीच्या पाडव्याला बाप-लेक भांडले आणि त्या भांडणात माझा संसार अडकला.

गोष्ट मोठं युद्ध संपल्यानंतरची, स्वातंत्र्याच्या आगेमागेची. साल सांगत नाही, कारण मला पक्कं आठवत नाही आणि ठोकून द्यायची मला सवय नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेवढ्या अक्षरांत जे मावतं ते लिहिते.

माझं माहेर कर्जतकडचं, सासर खालापूरकडचं, पनवेलहून पुण्याला जाणाऱ्या सडकेला लागून. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते गाडीवान होते. भाताची शेती होती, पण ती खाण्यापुरती. झोडणी आटोपली की ते बैलगाडी बाहेर काढत, पनवेलच्या बंदरावर सुके बोंबील भरत आणि बोरघाट चढून पुण्याच्या व्यापाऱ्याला नेऊन देत. आगगाडी होतीच, लॉऱ्याही आल्या होत्या. पण युद्धात पेट्रोल मिळेना, लॉऱ्या झाडाखाली उभ्या राहिल्या आणि गाडीवाल्यांना पुन्हा दिवस आले. ते दिवस युद्धानंतरही थोडे टिकले.

मामंजींकडे घड्याळ नव्हतं. पुण्याची वाट मात्र त्यांना तळहातासारखी माहीत होती. कुठल्या ओढ्याचं पाणी बैलांना बाधतं, कुठल्या वळणावर दुपारची सावली मिळते, घाटात कुठे दम खायचा, हे विचारायला दुसरे गाडीवान आमच्या ओटीवर येऊन बसत. मामंजींना याचा अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

घाटात एक काम असतं, ते सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. चढावर गाडी दम खायला थांबली की ती मागे घसरते. बैल कितीही ताकदीचे असोत, भरलेली गाडी त्यांना घेऊन दरीत जाऊ शकते. म्हणून गाडीच्या मागे एक माणूस काखेत धोंडा घेऊन चालतो. गाडीवान मागे बघत नाही. तो नुसता ओरडतो, "धोंडा!" मागच्याने तिथल्या तिथे गुडघ्यावर बसायचं, धोंडा चाकामागे सरकवायचा आणि चाकावर हाताची थाप मारायची. थाप ऐकू आली की गाडीवान कासरा सैल सोडतो. थापेशिवाय सोडत नाही. मिसरूड फुटेपर्यंत आणि त्यानंतरही, माझ्या नवऱ्याने बापाच्या गाडीमागे हेच काम केलं.

मग तो मुंबईला गेला आणि जुहूच्या विमानतळावर खलाशी म्हणून लागला. (नवऱ्याला मी इथे अरेतुरे लिहिते आहे. तोंडावर कधी केलं नाही. पण प्रत्येक ठिकाणी 'हे' आणि 'यांनी' लिहीत बसले तर वाचणाऱ्याला कोण ते कळायचं नाही.) विमान धुणं, सामान चढवणं-उतरवणं, मेस्त्रीच्या हाताखाली हत्यारं देणं, असं काम होतं. जुहूहून रोज सकाळी एक लहान विमान पुण्याला जाई. दर बुधवारी त्याच्यासोबत जायची पाळी माझ्या नवऱ्याची.

ते विमान आमच्या डोक्यावरूनच जायचं. इर्शाळच्या डोंगराच्या अंगाने यायचं आणि नागफणीच्या कड्याकडे निघून जायचं. आवाज आला की बायका चुलीपुढून उठून अंगणात येत, म्हातारे कपाळावर हात धरून वर बघत. एकटे मामंजी बघत नसत. ते तेवढ्या वेळात बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे.

लग्न होऊन मला दोन पावसाळे झाले होते. नवरा सणाला यायचा आणि सण संपला की जायचा. मला मुंबईची हौस नव्हती. पण लग्न केलं ते नवऱ्याजवळ राहायला. आणि माझा नवरा जुहूला होता. विहिरीवर बायका टोचायच्या.

"तुजा नवरा अर्ध्या तासात पुण्याला जातो म्हनं?"

"जातो."

"मग तुज्याकडं यायला त्याला शिमग्यापासून दिवाळी का लागते गं?"

सगळ्या हसायच्या. मीही हसायची. कळशी उचलून घरी यायची. हसून घेतलं की बायकांची मजा लवकर संपते, हे मला लहानपणीच कळलं होतं.

तर तो पाडवा. आमच्याकडे त्या दिवशी बैलांना सजवतात, ओवाळतात. मामंजी बैलांच्या शिंगांना गेरू लावत होते. ओटीवर माझा नवरा चार मित्रांना सांगत होता, "सकाळी जुहूला चाय प्यायची. पुण्याला उतरलो तरी तोंडातली चव जात नाय. अर्धा तास."

मामंजींनी मान वळवली नाही. "किती?"

"अर्धा तास, बा."

"अर्ध्या तासात माझं बैल पाणी पिऊन होत नायत."

"बैलांची गोष्ट येगळी."

"पुणं तर येकच हाय ना रं? का तुज्या सायबानं उचलून जवळ आणून ठेवलं?"

मित्र हसले. नवरा लाल झाला. "वरनं सरळ वाट हाय, बा. घाट लागत नाय."

"घाट लागत नाय!" मामंजींनी गेरूची वाटी खाली ठेवली. "ऐका रं. पुण्याला जातो आन घाट लागत नाय. आन परवा आयेला पाऊण तास म्हनत व्हतास, ते कोन?"

"वारा तोंडावर आला की पाऊण लागतो."

"बघा. खोट्या मानसाचं अंतर रोज बदलतं."

एवढ्यावर थांबलं असतं तर सणाची चेष्टा म्हणून विरून गेलं असतं. पण नवरा चिडला होता आणि चिडलेला माणूस चुकीच्या वेळी खरं बोलतो. तो म्हणाला, "यंदा हिला घेऊन जानार हाय. खोली बघून ठेवलीय."

मामंजी उठले. गेरूने रंगलेले हात तसेच. "सून नाय जायाची."

"का?"

"जो मानूस पुण्याचं अंतर खोटं सांगतो, त्याची खोली खरी हाय कशावरनं? आन तू तिथं करतोस काय, ते तरी कोनी बघितलंय? म्हनं इमानाच्या चाकाला ठोकळा लावतो! अरं, एवढ्या लांब जाऊन धोंडाच लावायचा व्हता तर माझी गाडी काय वाईट व्हती?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "सणाच्या दिवशी काय वो ह्ये!" पण त्यांच्या बोलण्याला त्या घरात बैलाच्या गळ्यातल्या घुंगरापेक्षा जास्त किंमत नव्हती.

मी दाराआड उभी होते. मला तेव्हाच समजलं की मामंजींचं दुखणं विमान नव्हे. आयुष्यभर त्यांनी पुणं ओढून आणलं होतं. तीन मुक्काम, बैलांचे खांदे, स्वतःचे पाय. आता त्यांचाच मुलगा चारचौघांत सांगत होता की पुणं अर्ध्या तासाचं आहे. मग ते इतकी वर्षं काय ओढत होते? हे त्यांना बोलून दाखवता येत नव्हतं. म्हणून ते मुलाला खोटा म्हणत होते. पण समजून मला काय उपयोग? अडकले होते मी.

संध्याकाळी नवरा बापासमोर येऊन उभा राहिला. "बा, तुमी देवदिवाळीनंतर माल घेऊन पुण्याला जानार ना? मग त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी सकाळी पुण्याच्या विमानतळाच्या फाटकावर या. मी जुहूच्या किनाऱ्यावरनं ओला बोंबील घेऊन येतो."

मामंजी विडी पेटवत होते. काडी हातातच विझली.

"ओला?"

"त्याच पहाटेचा."

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. गाडीवाल्यांची एक म्हण होती: घाट ओल्या माशाला चढू देत नाही. पनवेलहून निघालेला ओला मासा खोपोलीला नाक धरायला लावतो. म्हणून घाटावर जायचा तो सुकूनच. त्यात बोंबील तर मुळातच अर्धा पाणी. दुपारपर्यंत त्याचं अंग ढिलं पडतं, संध्याकाळी हातात धरवत नाही. आगगाडीने बर्फातले मासे पुण्याच्या कॅम्पात जात, ते मामंजींना ठाऊक होतं. पण बर्फातल्या बोंबलाला ते भिजलेली चिंधी म्हणत. बोंबील बघून तो समुद्रातून कधी निघाला ते ते सांगू शकत. दुसऱ्या कुठल्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता.

"आणलास तर सून तुज्या हवाली," ते म्हणाले. "नाय आणलास तर नोकरी सोडायची आन गाडीमागं चालायचं."

"कबूल."

मला कोणी विचारलं नाही. तेव्हा विचारत नसत.

देवदिवाळी झाली, माल भरला, आणि निघायच्या आदल्या दिवशी गाडीमागे धोंडा घेऊन चालणाऱ्या शेजाऱ्याला हिवताप भरला. दुसरा माणूस मिळेना. मामंजी ओटीवर डोकं धरून बसले. मी म्हटलं, "मी लावते धोंडा."

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. मामंजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जसं बाजारात बैल पाहतात.

"उचलंल?"

"कांडपाचं मुसळ उचलते. धोंडा काय जड हाय?"

"चल मंग. तुजा नवरा खोटा ठरला तर तुज्या डोळ्यांनी बघ."

बोरघाटात गाडीमागे धोंडा घेऊन चढलेली दुसरी बाई मी आजवर ऐकलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई असेल तर असो. पायथ्याला खोपोलीच्या तळ्यावर मुक्काम केला. सकाळी पुढे आणखी एक बैलजोडी भाड्याने जुंपली आणि चढ सुरू झाला. "धोंडा!" म्हटलं की बसायचं, सरकवायचं, थाप मारायची. पहिल्या वेळी मी थाप विसरले. मामंजी कासरा ताणून तसेच उभे. बैलांच्या तोंडाला फेस.

"धोंडा लावलास का मेलीस?"

"लावला!"

"मंग थाप कुठाय? तोंडानं सांगशील तर मला ऐकू येनार हाय का ह्या घुंगरांत?"

पुन्हा विसरले नाही. धोंड्याने काख सोलून निघाली, लुगडं गुडघ्याशी फाटलं. घाटाच्या मधोमध, मी धोंडा लावून बसलेली असताना डोक्यावरून आवाज आला. विमान. मी मान वर केली. ते डाव्या हाताच्या डोंगरावरून आलं आणि मी उठून उभी राहते न राहते तोच नागफणीपलीकडे गेलंही. जो घाट चढायला आम्ही सकाळपासून लागलो होतो तो त्याने माझ्या एका उठण्यात ओलांडला. मला तेव्हा रागच आला. नवरा खरं बोलत होता, हे कळून राग आला.

मामंजी बैलाच्या मानेखाली खाजवत होते. वर बघितलं नाही. फक्त म्हणाले, "ऊठ. खंडाळा यायचाय."

पुण्यात व्यापाऱ्याकडे माल उतरवला. मामंजींनी सुक्या बोंबलांची एक जुडी बाजूला काढून फडक्यात बांधली. का, ते सांगितलं नाही. बुधवारी उजाडताच रिकामी गाडी घेऊन आम्ही विमानतळाच्या वाटेला लागलो. तो गावापासून लांब, उघड्या माळावर होता. तारेचं कुंपण, फाटक आणि फाटकावर एक पहारेकरी. मिशा मोठ्या, घाटावरचा माणूस.

"कुटं निगालाव?"

"पोरगा येनार हाय."

"कशानं?"

"इमानानं," मामंजी म्हणाले. मी बघत होते. हा शब्द त्यांच्या तोंडून असा निघाला जसा दात उपटताना निघतो.

पहारेकऱ्याने बैलगाडीकडे पाहिलं, मामंजींच्या धोतराकडे पाहिलं, माझ्या फाटलेल्या लुगड्याकडे पाहिलं. "पोरगा काय लाटसायब हाय व्हय?"

"खलाशी हाय."

"मग आसंल." तो एकदम नरम झाला. "बसा तितं झाडाखाली. आत न्हाई जायाचं."

बसलो. थंडी होती, माळावर धुकं. आधी दोन विमानं आली. प्रत्येक वेळी मी उठले आणि प्रत्येक वेळी पहारेकऱ्याने हात हलवला. ती लष्कराची होती. ऊन वर चढायला लागलं. मामंजी उन्हाकडे बघायचे आणि मग जमिनीवर पडलेल्या गाडीच्या सावलीकडे. सावली आखडत होती. मी मनात म्हणत होते की आता बोंबील ढिला पडला असेल. नवरा आला आणि बोंबील ढिला पडलेला असला तर? मामंजी दयामाया करणाऱ्यांतले नव्हते. गाडीमागे चालणारा नवरा मला मिळाला असता, पण तो रोज बापाकडे बघून दात खाणारा. तसला संसार मी दोन घरांत पाहिला होता.

"झाला का तुज्या नवऱ्याचा अर्धा तास?" मामंजी म्हणाले.

"निघालं कदी त्ये कुटं माहीत हाय?" मी म्हटलं. सासऱ्याला उलट बोलायची ती माझी पहिली वेळ.

तेवढ्यात पहारेकरी ओरडला, "ह्ये जुहूचं!"

एकावर एक दोन पंखांचं ते विमान माळाच्या टोकाला टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि शेपूट खाली टाकून आमच्या दिशेने धावत यायला लागलं. पुढे दोन भिंगऱ्या गरगरत होत्या. आमचे बैल बिथरले. मामंजींनी एका हाताने दोन्ही वेसणी धरल्या आणि पहिल्यांदाच, मी सांगते, त्या म्हाताऱ्याने विमानाकडे डोळे भरून पाहिलं. विमान हळू झालं. हळू होत होत शेडपुढे येऊन थांबलं.

गाडी थांबली की मामंजींच्या तोंडून काय निघतं? तेच निघालं. कुंपणाला छाती लावून ते सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "धोंडा! धोंडा लाव रं!"

पहारेकरी दचकला. "आवं आजोबा, हितं कुटं चढ हाय?"

पण विमानाचं मागचं दार उघडलं होतं. एक माणूस काखेत लाकडी ठोकळा मारून खाली उडी टाकत होता. इंजिनाच्या आवाजात त्याला बापाची हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं. तो भिंगऱ्यांपासून लांबून वळसा घालून चाकापाशी आला, गुडघ्यावर बसला आणि डाव्या हाताने ठोकळा सरकवला. आणि उजव्या हाताने त्या रबरी चाकावर थाप मारली.

तिथे थाप मारायचं काही कारण नव्हतं. तिथे कोणी कासरा धरून बसलेलं नव्हतं. आणि मारली तरी त्या घरघरीत कोणाला ऐकू गेली असती? पण घाटात शिकलेला हात तो.

मामंजींनी हातातल्या वेसणी सैल सोडल्या.

"थाप दिली," ते म्हणाले. मला की बैलांना, कळलं नाही. मग पहारेकऱ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "बघितलंस? माझा पोरगा हाय त्यो. त्यानं धोंडा लावल्याबिगर मानसं उतरत नायत."

खरंच, माणसं नंतर उतरली. साहेब, मडमा, एक शेठजी नाकाला रुमाल लावून. रुमाल का, ते थोड्या वेळाने समजलं.

सामान उतरवून झाल्यावर नवरा फाटकाकडे आला. हातात पितळेचा डबा. माझ्याकडे पाहिलं, माझ्या फाटलेल्या लुगड्याकडे पाहिलं. "ही कशी आली?"

"धोंडा लावत आली," मामंजी म्हणाले. "दाव."

"सायेब डबा आत घेऊ देईना. मेस्त्रीनं हत्यारांच्या पेटीत पान्यांमधी लपवला. तरी त्या शेठला वास लागलाच—"

"दाव म्हनतो ना."

डबा उघडला. ओल्या फडक्यात बोंबील होते. पांढरे, चकचकीत, जबडे उघडे, अंगावर समुद्राचं पाणी. मामंजींनी एक उचलला. शेपटीला धरून लोंबवला. बोटाने पोटाला दाबला. डोळा पाहिला. जबड्यात नाक घातलं.

"ह्यो तेलाचा वास कसला?"

"पान्यांचा, बा."

"बर्फ?"

"नाय लावला."

"ते दिसतंय मला." त्यांनी फडक्यातून सुक्या बोंबलाची जुडी काढली. एका हातात सुका, एका हातात ओला. दोन्ही हात असे समोर धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले. आता ही जुडी कशासाठी आणली होती ते मला कळलं. बोंबील ढिला निघाला असता तर ती पोराच्या तोंडावर मारायची होती.

पहारेकरी जवळ आला. "ही आळी का काय म्हनायची?"

"बोंबील हाय."

"काय सांगताव! बोंबील आसा आसतो व्हय?" त्याने मामंजींच्या दुसऱ्या हाताकडे बोट दाखवलं. "बोंबील ह्यो. काटकीवानी. आमी जलमापासनं खातोय."

मामंजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उमलला. मला दुसरा शब्द सापडत नाही. "तू खातोस त्यो मीच आनतो," ते म्हणाले. "चाळीस पावसाळं मीच आनतोय. आन ह्यो," ओला बोंबील उंच धरून, "ह्यो माझ्या पोरानं आनला. घाटानं दोगांना बी वाट दिली बघ."

नवऱ्याने मान खाली घातली. बापासमोर डोळे पुसायची आमच्याकडे पद्धत नाही. माझेही कोरडेच राहिले, कारण मी चूल मांडायच्या मागे होते. बोंबील थांबत नाही.

गाडीच्या आडोशाला तीन दगड मांडले, तवा ठेवला. तेल, मीठ, तिखट, तांदळाचं पीठ आणि जेवायला केळीची पानं गाडीच्या पोत्यात होतीच. तळणाचा वास माळावर पसरला. पहारेकरी दोनदा म्हणाला की इथे चूल पेटवायची परवानगी नाही, आणि तिसऱ्या वेळी केळीचं पान पुढे करून खाली बसला. पहिला बोंबील मामंजींनी मुलाच्या पानावर वाढला. तोपर्यंत त्या घरात आधी बाप जेवत असे. खाता खाता त्यांनी विचारलं, "आज अर्धा लागला का पाऊण?"

"पाऊण. वारा तोंडावर व्हता."

"मंग बरोबर हाय," मामंजी म्हणाले, जसं काही विमान तेच हाकतात.

विमान परत निघायची वेळ झाली. नवरा उठला, हात धुतले. डबा माझ्या हातात देऊन म्हणाला, "पुढच्या पुनवेला न्यायला येतो." मामंजी पलीकडे बघत होते, पण ऐकत होते. त्यांनी नुसतं "हूं" केलं. एवढ्यावर माझा निकाल लागला.

उतरताना धोंड्याचं काम नसतं. मी गाडीत बसून आले, रिकामा डबा मांडीवर घेऊन. तळेगावला ओळखीचे गाडीवान भेटले. मामंजींनी गाडी थांबवली.

"काय रं, पुणं किती लांब?"

"दादा, तुमी मला इचारता?"

"वारा तोंडावर असला तर पाऊण तास. पाठीवर असला तर अर्धा," मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "डबा उघड."

मी डबा उघडला. त्या माणसांना एकेकाला त्यात नाक घालायला लावलं. ओल्या बोंबलाचा वास, आणि तोही पुण्याच्या बाजूने येणारा. नाकं वर आली तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. खंडाळ्याला तेच. खोपोलीच्या तळ्यावर तर रांग लागली. एकाने विचारलं, बर्फातला कशावरून नाही? मामंजींनी त्याला असं काही सुनावलं की ते मी लिहू शकत नाही.

घरी पोचलो तेव्हा सासूबाईंनी आधी डबाच ओढला. "शी! घास की ह्यो राखेनं!"

"हात लावायचा नाय," मामंजी म्हणाले. "अजून कर्जतवाले यायचे हायत."

डबा ओटीवर, त्यांच्या विडीच्या काड्यांशेजारी, झाकण लावून राहिला. विहिरीवर त्याच बायका होत्या. आता कोणी काही विचारत नव्हतं. मीच म्हटलं, "पाऊण तास लागतो. वारा तोंडावर असला तर." कळशी भरली आणि आले.

पुनवेला नवरा आला. मामंजी आम्हाला कर्जत स्टेशनापर्यंत गाडीने सोडायला आले. वाटेत कुठे चढ नव्हता, तरी स्टेशनासमोर गाडी थांबल्यावर ते सवयीने ओरडले, "धोंडा!" आणि नवऱ्याने सवयीने उतरून लावला, थाप मारली. मग सामान उतरवलं. सगळ्यात शेवटी त्यांनी तो डबा माझ्या हातात दिला. वास अजून होता.

जुहूच्या खोलीत गेल्यावर मी पहिलं काम केलं ते डबा घासायचं. राखेने, चिंचेने, तीनदा.